पाण्याच्या मुखाशी प्राणी

डोंगरातील वाट तुडवून थकलेला वाटसरू गावाच्या वेशीशी येतो, तेव्हा त्याची नजर प्रथम पाण्याचा शोध घेते. एखाद्या देवळाच्या भिंतीतून, एखाद्या कुंडाच्या काठावरून, दगडात कोरलेल्या मुखातून पाण्याची धार पडत असते. वाटसरू ओंजळ धरतो, तृप्त होतो आणि पुढे जातो. ज्या मुखातून ते पाणी आले, ते मुख कोणाचे होते, हे मात्र तो क्वचितच पाहतो. वाचकहो, आपणही बहुधा पाहिलेले नसते. ते मुख गाईचे असते, मकराचे असते, क्वचित सिंहाचे असते. माणसाचे मात्र ते सहसा नसते.

असे का असावे? पाणी ही माणसाची सर्वांत मोठी गरज. मग पाण्याच्या दाराशी माणसाने आपले मुख न कोरता प्राण्याचे मुख का कोरले? या प्रश्नाचा मागोवा घेत आज आपण दोन नद्यांच्या काठाने थोडा प्रवास करू या. एक नदी कावेरी, दुसरी आपल्या सह्याद्रीतील सावित्री.

हत्तींनी दाखविलेले क्षेत्र

म्हैसूर शहराच्या आग्नेयेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या डाव्या तीरावर तलकाड नावाचे गाव आहे. येथे नदी मोठे वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांच्या पोटात एक जुनी राजधानी गाडली गेली आहे. आज आपण तेथे गेलो, तर वाळूतून पायपीट करीत, मग पायऱ्या उतरून, खळग्यात उभ्या असलेल्या देवळांचे दर्शन घ्यावे लागते.

या गावाच्या नावाची जी कथा स्थलपुराणात सांगतात, ती मोठी मनोवेधक आहे. तल आणि काड हे दोघे किरात, म्हणजे रानात शिकार करून राहणारे भाऊ. रानातील हत्ती रोज एका शाल्मली वृक्षाची, म्हणजे आपल्याकडील काटेसावरीची, पूजा करतात असे त्यांना दिसले. त्या झाडात काय दडले आहे, या कुतूहलाने त्यांनी खोडावर कुऱ्हाड घातली. खोडातून रक्त वाहू लागले. भयभीत झालेल्या भावांना वाणी ऐकू आली की, याच झाडाचा पाला व फळे यांचा लेप जखमेवर लावा. त्यांनी तसे केले आणि जखम भरून आली. आपल्या जखमेवर आपणच औषध सांगणारा हा देव वैद्येश्वर या नावाने ओळखला जाऊ लागला. ते हत्ती म्हणजे पूर्वजन्मीचे सोमदत्त ऋषी आणि त्यांचे शिष्य होत, असेही कथा सांगते. या क्षेत्राला गजारण्य असे नाव आहे ते त्यामुळेच.

कथा ऐतिहासिक आहे की नाही, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. या गावाने आपल्या दैवताचा शोध राजाच्या किंवा पंडिताच्या नावावर मांडला नाही. तो मान त्याने रानातील हत्तींना आणि दोन शिकाऱ्यांना दिला. माणसाच्या आधी जनावरांना ही जागा ठाऊक होती, हे त्याने मोकळ्या मनाने मान्य केले.

यात व्यवहारातील सत्यही आहे. रानात पाणी, सावली आणि क्षार कोठे आहेत, हे हत्तींच्या कळपाला पिढ्यान् पिढ्या माहीत असते. कळपातील वयस्क हत्तीण वाट दाखविते आणि बाकीचे तिच्या मागून जातात. कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात सोंडेने व पायाने वाळू उकरून हत्ती पाणी काढतात आणि मागाहून इतर प्राणीही त्या झऱ्यावर तहान भागवितात. हत्तींच्या वाटेने गेलेल्या माणसाला पाणी सापडावे, यात नवल ते काय?

पश्चिम गंग घराण्याच्या राजांनी तलकाडला आपली राजधानी केली आणि हत्तीलाच आपले राजचिन्ह मानले. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर हत्ती आढळतो, नाण्यांवरही हत्ती आढळतो. या घराण्यातील दुसरा शिवमार या राजाने ‘गजाष्टक’ नावाची कानडी रचना केली होती. ती आज उपलब्ध नाही. परंतु तिची गीते धान्य कांडणाऱ्या स्त्रियांच्या ओठी होती, अशा आशयाचा उल्लेख एका शिलालेखात आला आहे. आपल्या माजघरातील कांडणाच्या व जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. राजाने हत्तीवर कविता करावी आणि ती उखळाशी बसलेल्या बायांनी गावी, याहून मोठा सन्मान एखाद्या रानटी प्राण्याला कोणता मिळावयाचा?

वाळू आली ती कोठून?

गंगांच्या नंतर अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी तलकाड जिंकले. इ. स. १११६ च्या सुमारास होयसळ राजा विष्णुवर्धन याने ते चोळांपासून घेतले आणि या विजयाप्रीत्यर्थ तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. पुढे विजयनगरचे आणि त्यानंतर म्हैसूरच्या वडियार राजांचे राज्य आले. आणि मग वाळू आली.

लोककथा या वाळूचे कारण एका शापात सांगते. इ. स. १६१० मध्ये राजा वडियार याने श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्या दागिन्यांसाठी राजाची माणसे तिच्या पाठीस लागली. तेव्हा तलकाड वाळूत बुडेल, पलीकडच्या तीरावरील मलंगीचा डोह होईल आणि म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही, असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली, असे सांगतात.

शापाच्या कथेमागे एका स्त्रीवरील अन्यायाची स्मृती आहे, म्हणून ती टिकून राहिली. पण वाळूचे दुसरे कारणही अभ्यासकांनी सुचविले आहे आणि ते आपणांस अधिक विचार करावयास लावणारे आहे. विजयनगरच्या काळात तलकाडच्या वरच्या अंगाला कावेरीवर एक बंधारा बांधण्यात आला. तो माधवमंत्री बंधारा या नावाने ओळखला जातो. बंधाऱ्याने पाणी कालव्यांत वळविले, शेती पिकली, लोक सुखी झाले. परंतु खालच्या वळणावरील पात्रात पाणी कमी झाले, एरवी पाण्याखाली असणारे वाळूचे पट्टे उघडे पडले आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ती वाळू उचलून गावावर आणून टाकली. हे वाळूचे डोंगर दर वर्षी नऊ-दहा फूट पुढे सरकत, अशी नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये आहे. घरामागून घर सोडून लोकांना मागे हटावे लागले. पुढे टेकड्यांवर झाडे लावण्यात आली, तेव्हा वाळूला काहीसा आळा बसला.

ज्यांनी बंधारा बांधला त्यांचा हेतू वाईट नव्हता. पाणी अडविणे हे पुण्यकर्मच होते. मात्र नदी ही एक अखंड वस्तू आहे, वरच्या अंगाला केलेल्या कामाची किंमत खालच्या अंगाला कोणाला तरी द्यावी लागते, हा धडा तलकाडच्या वाळूत लिहिलेला आहे. कार्तिकातील सोमवारचा विशिष्ट योग जुळून आला म्हणजे येथे पंचलिंगदर्शनाचा सोहळा होतो. कधी तीन-चार वर्षांनी, तर कधी दहा-बारा वर्षांनीही तो येतो. २०१३ साली आणि त्यानंतर २०२० साली तो झाला. त्या वेळी वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर आणि मल्लिकार्जुन या पाच स्थानांचे दर्शन भाविक घेतात. वाळू उपसून मोकळ्या केलेल्या वाटांनी पावले चालतात, तेव्हा हा धडाही मनात असावा.

मकर म्हणजे कोण?

दक्षिणेतील देवळांत गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर पडण्यासाठी जी प्रणालिका असते, तिचे तोंड पुष्कळदा मकराचे असते. सोंडेसारखे वळलेले नाक, उघडा जबडा, दातांची रांग आणि पिसाऱ्यासारखे शेपूट असा हा चमत्कारिक प्राणी शिल्पकारांनी कोणत्या आधाराने घडविला? गंगेचे आणि वरुणाचे वाहन म्हणून त्याला आपण ओळखतो. पण त्याचा जबडा ज्याच्यावरून घेतला, तो प्राणी कावेरीच्या खडकांवर आजही ऊन खात पडलेला असतो. ती म्हणजे मगर.

श्रीरंगपट्टणजवळ रंगनतिट्टू येथे कावेरीतील लहान लहान बेटांवर पक्ष्यांची वसाहत आहे. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या सूचनेवरून १९४० साली म्हैसूर संस्थानने तिला अभयारण्याचा दर्जा दिला. चित्रबलाक, चमचे आणि करकोचे झाडांवर घरटी करतात आणि खालच्या पाण्यात मगरी असतात. घरट्यांतून पडलेली पिले मगरी खातात, हे खरे. परंतु याच मगरींच्या भयाने घरटी लुटणारे चोरटे प्राणी बेटांपर्यंत पोहून येण्यास कचरतात. नदीचे हे अर्थशास्त्र मोठे सूक्ष्म आहे. तलकाडच्याही खाली, कावेरी जेथे डोंगरांत शिरते, तेथे १९८७ साली कावेरी वन्यजीव अभयारण्य स्थापन झाले. हत्ती, पाणमांजरे, महसीर मासे आणि नदीकाठच्या उंच झाडांवर राहणारी करड्या रंगाची मोठी खार, असा तेथील परिवार आहे.

पाण्याच्या तोंडाशी प्राणी बसविण्याची कल्पना केवळ आपलीच आहे, असेही नव्हे. नेपाळातील पाटण शहरात राजवाड्याच्या चौकात ‘मंगा हिटी’ नावाचा धारेचा हौद आहे. त्याचा काळ इ. स. ५७० असा सांगतात. तेथील पाणी मकराच्या मुखांतून पडते. दूर स्वित्झर्लंडची राजधानी बर्न येथे भर रस्त्यात एक जुने कारंजे आहे. १५३५ साली उभारलेल्या या कारंज्याच्या खांबावर चिलखत घातलेले अस्वल झेंडा घेऊन उभे आहे आणि त्याच्या पायाशी एक पिल्लू द्राक्षे खात बसले आहे. अस्वल हे त्या नगराचे चिन्ह होय. नळ नव्हते त्या काळात शहरातील बाया-माणसे अशाच कारंज्यांवर पाणी भरावयास येत. हिमालयातील मकर असो की आल्प्समधील अस्वल असो, हे पाणी आमच्या एकट्याचे नाही, या मुलखात आमच्या शेजारी आणखी कोणी राहतात, ही जाणीव त्या दगडात उतरली आहे.

गोमुखापासून महाडपर्यंत

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर हे छोटे गाव आहे. तेथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. भिंतीतील निरनिराळ्या द्वारांतून आलेले झरे एकत्र होऊन शेवटी दगडी गोमुखातून कुंडात पडतात. सरस्वती आणि भागीरथी यांचे प्रवाह ठराविक वर्षांनीच प्रकट होतात, अशी श्रद्धा आहे.

हे पाणी येते कोठून? महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पठाराच्या माथ्यावर जांभा दगडाचा थर आहे आणि त्याच्या खाली काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी शोषून घेतो. खालच्या कठीण थरापाशी ते अडते आणि जेथे फट मिळेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. माथ्यावरील झाडी पावसाचा मारा झेलते आणि पाण्याला जमिनीत मुरण्यास अवसर देते. रान तुटले, माथ्यावर बांधकामांची गर्दी झाली, की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. गोमुख कितीही सुबक कोरले, तरी त्यातील धार ही माथ्यावरच्या रानाची देणगी आहे.

त्या रानात शेकरू राहते. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. झाडावरून झाडावर उड्या घेत ती फळे खाते आणि बिया इकडे तिकडे सांडते. त्याच डोंगररांगेत कोयनेच्या खोऱ्यात गवा चरतो. गोमुखातील गाय आपण पूजतो, तिचा हा रानातील भाऊबंद मात्र शेतात उतरला की आपण काठ्या घेऊन धावतो. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते आणि त्याची भरपाई वेळेवर मिळणे हाच त्यावरचा न्याय्य उपाय आहे. तथापि गवा रानातून खाली का उतरतो, हा प्रश्नही त्याबरोबरच विचारला पाहिजे.

पंचगंगेतील तीन बहिणी पूर्वेस जातात. सावित्री पश्चिमेस कोकणात उतरते आणि महाडच्या बाजूने वाहते. महाडच्या परिसरात तिच्या पात्रात मगरी मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे डोंगरावर जी नदी गोमुखाशी जोडली गेली, ती खाली मकराच्या घरी येते! कावेरीच्या काठी जे दगडात पाहिले, तेच येथे जिवंत दिसते.

पण महाडचे नाव पाण्याच्या इतिहासात याहून मोठ्या कारणासाठी अमर झाले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. प्रत्यक्षात मात्र कोणी त्या पाण्याला हात लावू शकत नव्हते. तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे पाणी पीत, परधर्मीय माणसेही पीत. अटकाव होता तो फक्त आपल्याच काही बांधवांना.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शिस्तीने चालत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्यामागून इतरांनी. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले आणि तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी करण्यात आला. त्यासाठी जी द्रव्ये वापरली, त्यांत गोमूत्र आणि शेण होते. वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. जनावराच्या मलमूत्राने पवित्र होणारे पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटते, असे मानणारी ती दृष्टी होती! पाण्याच्या मुखाशी प्राण्याला मान देणाऱ्या संस्कृतीने आपल्याच माणसाला तेथून हाकलावे, हा विरोधाभास गोमुखापुढे हात जोडताना विसरून चालणार नाही. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सत्याग्रहींच्या बाजूने लागला. त्याआधी कितीतरी वर्षे, १८६८ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून हीच वाट दाखविली होती.

दोन कलमे, एक पाणवठा

आपल्या राज्यघटनेत या गोष्टीची दखल दोन ठिकाणी घेतलेली आहे. पंधरावे कलम सांगते की, सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही. आणि १९७६ साली समाविष्ट झालेले मूलभूत कर्तव्यांचे कलम सांगते की, वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. पहिल्यात माणसाचा हक्क आहे आणि दुसऱ्यात माणसाचे कर्तव्य. पाणवठ्यावर मात्र ही दोन्ही एकाच वेळी पाळावी लागतात. माणसामाणसांत भेद करून प्राण्यांवर दया करणे हे ढोंग ठरेल. आणि माणसांची सोय म्हणून नदीतील सारे जीव नाहीसे करणे हा आत्मघात ठरेल.

यात आपण काय करू शकतो? आपल्या गावी एखादे गोमुख, एखादी बारव, एखादे कुंड असेल. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन तेथे जावे. मुख कोणाचे आहे, ते त्यांना ओळखू द्यावे. धार वाहते आहे की आटली आहे, हे पाहावे. आटली असेल, तर वरच्या बाजूच्या डोंगरावर काय घडले, याची चौकशी गावातील वृद्धांपाशी करावी. पूर्वी तेथे कोणकोणते प्राणी पाण्यावर येत, हे त्यांना विचारावे. आणि आणखी एक प्रश्न विचारण्यास संकोच करू नये: या पाण्यावर एके काळी कोणास येऊ देत नसत, आणि आज तेथे सर्वजण येतात काय?

कुंडात साचलेला पालापाचोळा काढणे, वरच्या उतारावर स्थानिक झाडे लावून ती जगविणे, उन्हाळ्यात गुरे व पाखरे यांच्यासाठी काठाशी एक उथळ डोणी ठेवणे, ही कामे चार घरांनी मिळून करण्याजोगी आहेत. त्यांना मोठा निधी लागत नाही. नदीकाठी मगरी असतील, तेथे मुलांना भय दाखविण्याऐवजी सावधपणा शिकवावा. कपडे धुण्याची व गुरे पाजण्याची जागा निश्चित करून घ्यावी आणि तेथे संरक्षक कठडा मागून घ्यावा. मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही मुलांना सांगावे.

तलकाडच्या कथेतील दोन भावांनी आधी कुऱ्हाड चालविली आणि मग त्याच झाडाच्या पाल्याने जखम बांधली. औषध दूर नव्हते, ते त्याच झाडावर होते. आपल्या नद्यांच्या आणि झऱ्यांच्या जखमांवरील औषधही त्यांच्याच माथ्यावरील रानात आहे. ते रान राखले, तर गोमुखातील धार पुढच्या पिढीच्या ओंजळीतही पडेल.